शिर्डीची चावडी: देवस्थान होण्याआधीचं गावाचं सभागृह

आजचा भाग शिर्डीवर आहे. दर्शनाची रांग, पास, प्रसादालय हे सगळं जरा बाजूला ठेवू. आज बोलायचंय गावाच्या सभागृहाबद्दल. आता तालुक्याच्या गावात नगरपालिका सभागृह बांधते, बाहेर उद्घाटनाची कोनशिला लागते. पण सव्वाशे वर्षांपूर्वी खेड्यात चार लोकांनी जमायचं कुठे? उत्तर एकच, चावडीवर.

शिर्डीत द्वारकामाईच्या अगदी जवळ चावडी आहे. मी लहानपणापासून तिथे हात जोडून पुढे सरकत आलोय. हा शब्द मुळात देवाधर्माचा नाहीच, हे डोक्यातच आलं नव्हतं. चावडी म्हणजे पाटील-कुलकर्ण्यांची कामाची जागा. शेतसारा तिथे भरायचा, दवंडी तिथून, तंटा झाला की पंच तिथे बसणार, सरकारी माणूस आला की तिथेच टेकणार. देवळासारखी वर्गणीतून उभी राहिलेली जागा नव्हे ही. सरकारी आणि गावाची.

आता लोकांनी जमणं ही तेव्हाही साधी गोष्ट नव्हती. 1897 ची गोष्ट बघा. कोपरगावचे सर्कल इन्स्पेक्टर गोपाळराव गुंड यांच्या मनात आलं, शिर्डीत उरूस भरवावा. साईबाबांनी होकार दिला, गावकरी तयार. पण परवानगी कलेक्टरची लागते. साईसच्चरितात असं आहे की गावच्या कुलकर्ण्यानं विरोधात लिहिलं आणि अर्ज नामंजूर झाला. लोकांनी पुन्हा प्रयत्न केला, तेव्हा कुठे परवानगी मिळाली. 1912 पासून त्याच उरुसाला रामनवमीच्या उत्सवाचं रूप आलं. पाण्यासाठी गावात धड विहीर नाही, आणि हे लोक जत्रा भरवतायत! हौस बघा.

मग चावडीचं देवस्थान कसं झालं? बाबा मशिदीत राहायचे आणि एका रात्रीआड चावडीत झोपायचे. सांगतात की एकदा जोराच्या पावसात मशीद गळायला लागली, लोकांनी आग्रह करून त्यांना तिथे नेलं आणि पुढे तो क्रमच पडला. 10 डिसेंबर 1909 पासून चावडीत त्यांची नियमित पूजा सुरू झाली. मिरवणूक, छत्र-चामरं, शेजारती. सारा भरायच्या जागेत आरती! ती मिरवणूक आजही दर गुरुवारी निघते.

या एकाआड एक रात्रीचा आणखी एक उपयोग झाला, आणि इथे माझ्यातला इंजिनियर खूश झाला. मशिदीपुढची मोकळी जागा लहान होती, तिथे सभामंडप हवा होता. 1911 साली काकासाहेब दीक्षितांनी खर्च करून लोखंडी खांब वगैरे आणले. पण बाबा असताना काम कसं करणार? तर ते चावडीत झोपायला गेले की रात्री काम. आम्हीही सर्व्हरवरचे मोठे बदल लोक झोपल्यावरच करतो. फरक एवढाच की इथे सकाळी बाबा परत आले आणि त्यांनी खांब उपटून टाकले! तात्या पाटलांचा फेटाही आगीत गेला. राग ओसरल्यावर बाबांनीच तात्यांना नवा फेटा बांधायला लावला, आणि शेवटी मंडपही झालाच.

आता मुख्य प्रसंग. मंगळवार, 15 ऑक्टोबर 1918. दसरा. बाबांनी देह ठेवला. देह कुठे ठेवायचा, यावरून गावात दोन बाजू पडल्या. काही जण म्हणाले, मोकळ्या जागेत दफन करू. बाकीचे म्हणाले, नागपूरच्या गोपाळराव बुट्टींच्या वाड्यात. बराच वेळ वाद चालला. बुधवारी सकाळी कोपरगावचे मामलतदार आले, आणि चक्क लोकांची मतं घेतली गेली. वाड्याच्या बाजूनं दुप्पट मतं पडली. तरीही कलेक्टरकडे जायची तयारी झाली होती. तेवढ्यात दुसरी बाजू राजी झाली आणि संध्याकाळी देह वाड्यात नेला. तेच आजचं समाधी मंदिर.

मला हे फार मोठं वाटतं. एका खेड्यानं, हिंदू-मुसलमान दोघांनी, एवढा नाजूक प्रश्न मत देऊन आणि समजूत काढून सोडवला. लाठ्या काढल्या नाहीत. गावाला एकत्र बसून बोलायची सवय असल्याशिवाय हे जमत नाही. आणि ती सवय लागते चावडीसारख्या जागेतच.

पुढे 1922 साली न्यायालयानं संस्थानची घटना ठरवली, 2004 साली विधिमंडळानं स्वतंत्र कायदा केला. समितीवरच्या नेमणुका आता सरकार करतं. कारभार एवढा मोठा की त्याला कायदा लागणारच, मान्य. पण ज्या चावडीत गाव बसायचं, तिथे आज गाव रांगेत उभं राहून नमस्कार करतं. श्रद्धेबद्दल माझी काहीच तक्रार नाही, मीही त्याच रांगेत असतो. फक्त बोलायची जागा गेली, याची कुठे नोंदसुद्धा नाही.

शब्द मात्र टिकलाय. महसूल खात्याच्या संकेतस्थळावर ‘आपली चावडी’ आहे, तिथे फेरफाराच्या नोटिसा दिसतात. सोय उत्तम आहे. पण तिथे शेजारी बसून कुणी म्हणत नाही, “थांब रे, हे चुकलंय.”

तुमच्या गावात जुनी चावडी उभी असेल तर एकदा जाऊन या. कुलूप असेल तर किल्ली कुणाकडे आहे, तेवढं विचारा आणि मला कळवा. भेटू पुढच्या भागात.