एक ना धड, भाराभर चिंध्या?

गेल्या थँक्सगिव्हिंगला मुलगा कॉलेजातून घरी आला आणि जेवता जेवता म्हणाला, "बाबा, मी कॉम्प्युटर सायन्सबरोबर म्युझिकही मेजर म्हणून घेतोय." माझ्या तोंडून आपसूक निघालं, "अरे, एक ना धड, भाराभर चिंध्या!" त्याला म्हणीचा अर्थ समजावला, तर तो हसायलाच लागला. "म्हणजे मल्टिक्लासिंग! बाबा, आमच्या खेळात यावर पन्नास वर्षं वाद चाललाय."

खेळ म्हणजे 'डंजन्स अँड ड्रॅगन्स'. शाळेत असताना दर शनिवारी त्याचे मित्र आमच्या बेसमेंटमध्ये जमायचे. फासे, कागद, पेन्सिली आणि पिझ्झा! मला वाटायचं, नुसता टाइमपास. पण त्या सुट्टीत त्याच्या कपाटातली जुनी-नवी पुस्तकं चाळली आणि मी त्यात चांगलाच अडकलो.

गॅरी गायगॅक्स आणि डेव्ह आर्नेसन यांनी हा खेळ १९७४ साली प्रसिद्ध केला, तोही विस्कॉन्सिनमधल्या लेक जिनिव्हा या छोट्या गावातून. आम्हा शिकागोकरांना हे गाव तळ्यासाठी माहीत! प्रत्येक खेळाडू एक पात्र घेतो आणि पात्राला एक पेशा असतो, त्याला म्हणतात क्लास. सुरुवातीला तीनच होते: लढवय्या, जादूगार आणि क्लेरिक, म्हणजे दैवी शक्तीने जखमा बऱ्या करणारा. अनुभवाचे गुण साठले की लेव्हल वाढते. लढवय्याला मंत्र येत नाहीत, जादूगाराला चिलखत चालत नाही. म्हणून सगळे एकमेकांना धरून राहतात. हाच खेळाचा समतोल. आता एकालाच तलवार आणि मंत्र दोन्ही आले, तर बाकीच्यांनी काय बघत बसायचं?

पहिला दुहेरी गडी म्हणजे एल्फ. तो प्रत्येक मोहिमेच्या आधी ठरवायचा, आज लढवय्या की जादूगार. पण त्याला मर्यादा होती: लढवय्या म्हणून चौथी लेव्हल, जादूगार म्हणून आठवी, बस्स.

१९७८ च्या 'प्लेअर्स हँडबुक'मध्ये गायगॅक्स यांनी नियम पक्के केले. एल्फ, बुटके वगैरेंनी दोन पेशे एकदम घ्यावेत, पण मिळालेले गुण दोघांत सारखे वाटावेत. ऐकायला न्याय्य वाटतं ना? पण गंमत हिशोबात आहे. पुढची लेव्हल गाठायला लागणारे गुण जवळजवळ दुप्पट होत जातात. समजा ८१,००० गुण झाले. नुसता लढवय्या सातव्या लेव्हलला, नुसता जादूगारही सातव्याला. आणि अर्धे-अर्धे वाटून घेणारा एल्फ? सहावा लढवय्या आणि सहावा जादूगार! एक पायरी मागे राहून दोन विद्या. हे जड होऊ नये म्हणून एल्फला पुढे लेव्हलची कमाल मर्यादा होती. माणसाला ती नव्हती. अडचण अशी, की बहुतेक खेळ त्या मर्यादेपर्यंत पोचण्याआधीच संपायचे.

माणसांसाठी नियम वेगळा होता, आणि तो वाचताना मी थबकलो. माणसाने जुना पेशा सोडायचा आणि नव्यात पहिल्या लेव्हलपासून सुरुवात करायची. नवी लेव्हल जुनीच्या पुढे जाईपर्यंत जुनी विद्या वापरायची नाही. वापरलीत, तर त्या मोहिमेचे गुण बुडाले. मी नागपूरला आठ वर्षं सिव्हिल इंजिनिअर होतो. इथे येऊन वयाने लहान पोरांबरोबर प्रोग्रॅमिंग शिकलो आणि पुलांबद्दल कित्येक वर्षं अवाक्षर काढलं नाही. आपल्या मंडळात असे किती जण असतील!

२००० सालच्या तिसऱ्या आवृत्तीने दारं सताड उघडली. दर लेव्हलला कुणीही कुठलाही क्लास घ्यावा. पण समतोल पुन्हा बिघडला, यावेळी दोन्ही बाजूंनी. रेंजरला पहिल्याच लेव्हलला दोन शस्त्रांचं कसब मिळायचं, म्हणून लोक तेवढी एक लेव्हल उचलून पळायचे. २००३ च्या सुधारणेत ते कसब दुसऱ्या लेव्हलला नेलं. उलट, पाच लेव्हल लढवय्या आणि पाच जादूगार झालेला मात्र तिसऱ्या श्रेणीच्या मंत्रांवरच अडकायचा. दहाव्या लेव्हलचा नुसता जादूगार तोवर पाचव्या श्रेणीत पोचलेला असायचा. तिथे माझी म्हण अगदी चपखल बसते.

२००८ च्या चौथ्या आवृत्तीत दुसऱ्या पेशाची फक्त चव घेता यायची. २०१४ च्या पाचव्या आवृत्तीत मल्टिक्लासिंग ऐच्छिक ठेवलं आणि अट घातली की दोन्ही पेशांना लागणारा मुख्य गुण अंगात किमान १३ हवा. वेगवेगळ्या मंत्रविद्या असतील तर त्यांची शक्ती एकत्र मोजायची सोयही केली. म्हणजे दोन पेशांनी एकमेकांना हात द्यायला सुरुवात केली.

एवढं वाचल्यावर मला पटलं की म्हण खोटी नाही, पण अपुरी आहे. दोन विद्यांची किंमत पडतेच. ती रोज थोडी द्यायची, की आधी सगळी देऊन मोकळं व्हायचं, एवढंच आपल्या हातात.

मुलाला फोन करून विचारलं, "तू एल्फ की माणूस?" तो म्हणाला, "एल्फ. दोन्ही एकदम. तुम्ही माणूस होतात ना, बाबा?" काय बोलावं ते सुचेना. फीचा चेक मात्र दुसऱ्याच दिवशी पाठवला.