साठ डॉलरची काठी

गेला हिवाळा कॅनडात चिरंजीवांकडे काढला. परत आल्यापासून सगळे विचारताहेत, नायगारा पाहिला का, बर्फ किती होता, आणि चार महिने तिथे घरात बसून केलंत तरी काय? तर मी चार महिने एका काठीचा इतिहास वाचत होते. हसू नका, सांगते.

नातू तेरा वर्षांचा. तिकडच्या बऱ्याच मुलांसारखा बर्फावरची हॉकी खेळतो. गेल्या दिवाळीत त्याला साडेतीनशे डॉलरची स्टिक घेतली होती. काळी कुळकुळीत, कार्बन फायबरची, हातात घेतली तर रिकामी पिशवी उचलल्यासारखी. तिला तीस दिवसांची हमी होती. एकेचाळिसाव्या दिवशी ती खेळताना मधोमध मोडली. दुसऱ्या मुलाची काठी तिच्यावर आपटली, बस्स, एवढंच निमित्त. चिरंजीव काही बोलले नाहीत, पण पुढच्या रविवारी दुकानातून साठ डॉलरची स्टिक घेऊन आले आणि गॅरेजमध्ये करवतीने वरून चार इंच कापून मुलाच्या मापाची केली. नातवाने एक मॅच खेळून ती कोपऱ्यात उभी केली. म्हणाला, "आजी, ही वाईट आहे. मी हिने नाही खेळणार." रात्री जेवताना तर या वर्षी खेळायचंच नाही इथपर्यंत गाडी गेली. सूनबाईंचा चेहरा उतरला. घराचे हप्ते, त्यात रिंकची फी, पुन्हा साडेतीनशे कुठून आणायचे?

आयुष्यभर मुलांचे पेपर तपासलेली बाई मी. म्हटलं, नापास करायच्या आधी परीक्षा तरी घ्यावी. "तू खेळ, मी वही धरते," एवढं त्याच्याशी ठरवलं. चिरंजीव म्हणाले, "आई, तुला नाही कळायचं त्यातलं." नाही कळत, तर वाचायचं! घरापासून चालत जाण्याच्या अंतरावर सार्वजनिक वाचनालय होतं. शब्दकोश शेजारी ठेवून मी सुरुवात केली.

मुळात या खेळात स्वस्त काठी आणि महाग काठी असा भेदच बराच काळ नव्हता. कॅनडाच्या इतिहास संग्रहालयाने २०१५ साली एक जुनी स्टिक तीन लाख डॉलरला विकत घेतली. तीन लाख! ही स्टिक नोव्हा स्कोशिया प्रांतातल्या केप ब्रेटन बेटावरची. शुगर मेपलच्या एका अखंड लाकडातून कोरलेली, १८३५ ते १८३८ च्या दरम्यानची. झाडाच्या वलयांवरून शास्त्रज्ञांनी हा काळ काढला. तिच्यावर डब्ल्यू. एम. अशी दोन अक्षरं कोरलेली आहेत. ती १८२९ साली जन्मलेल्या विल्यम मॉफॅट नावाच्या मुलाची असावीत असं मानतात. म्हणजे काठी घडली तेव्हा पोरगं फार तर आठनऊ वर्षांचं. पुढे ती तिथल्या एका केशकर्तनालयाच्या भिंतीवर वर्षानुवर्षं टांगलेली होती आणि एका माणसाने ती हजार डॉलरला उचलली. पण मूळची ती घरातल्या कुणीतरी पोरासाठी घरचंच लाकूड तासून केलेली. तिची किंमत काय असणार? एका संध्याकाळची मेहनत.

विकायच्या काठ्या केल्या त्या त्याच प्रांतातल्या मिकमॉ या मूळनिवासी लोकांनी. त्यांची युक्ती वाचून मी थक्क झाले. काठीला खाली वाक हवा, पण लाकूड आडवं कापलं तर वाकाशी तंतू तुटतात आणि पहिल्याच तडाख्यात काठी मोडते. म्हणून ते झाडाचं खोड मुळासकट काढायचे. खोड जिथे मुळाकडे वळतं तिथे लाकडाचे तंतू आपोआपच वळलेले असतात. त्या वळणाचंच पातं कोरायचं. आधी हॉर्नबीम नावाचं लोखंडासारखं कठीण लाकूड वापरीत, ती झाडं संपत आली तसे पिवळ्या बर्चकडे वळले. (आपल्याकडच्या मैदानी हॉकीची काठी तुतीची. तिचा वाक वाफेवर आणतात. फाळणीनंतर सियालकोटचे कारागीर जालंधरला आले आणि तिथून साऱ्या देशाला काठ्या पुरवू लागले. आमच्या शाळेच्या काठ्याही जालंधरच्याच होत्या. ही कथा मात्र वेगळी आहे, पुन्हा कधीतरी.)

हॅलिफॅक्स बंदराच्या पलीकडच्या काठावर डार्टमथ नावाचं गाव आहे. तिथली स्टार मॅन्युफॅक्चरिंग कंपनी आधी स्केट बनवायची. ती या काठ्या 'मिक-मॅक' असा छाप मारून देशभर विकू लागली. छाप जमातीच्या नावाचा, पण घडवणाऱ्या माणसांची नावं काठीवर कुठेच नाहीत. ही गोष्ट मला वाचताना टोचली. ३ मार्च १८७५ ला माँट्रियलच्या व्हिक्टोरिया स्केटिंग रिंकमध्ये छपराखाली जो पहिला संघटित सामना झाला, तो भरवणारा जेम्स क्रायटन मूळचा हॅलिफॅक्सचा. काठ्या त्याने तिकडूनच मागवल्या होत्या असं सांगतात. चेंडूऐवजी लाकडाची चपटी गोल चकती वापरली, का तर प्रेक्षकांत उडून कुणाचं डोकं फुटू नये. आजची चकती, म्हणजे पक, कठीण रबराची, तीन इंच व्यासाची आणि एक इंच जाड असते. सामन्याआधी ती गोठवून ठेवतात म्हणजे उसळत नाही.

पुढचा इतिहास भराभर सांगते. अखंड लाकूड मिळेनासं झालं तसा दांडा वेगळा आणि पातं वेगळं असं जोडकाम आलं, १९४० च्या दशकात पातळ थर चिकटवून दांडे होऊ लागले, १९६० च्या दशकात त्यावर फायबरग्लासचं वेष्टण आलं.

त्याच सुमारास शिकागोच्या संघातल्या स्टॅन मिकिटाचं पातं सरावात तडकून वाकडं झालं. वैतागून त्याने त्याच वाकड्या पात्याने चकती मारली, तर ती भलत्याच वेगाने आणि भलत्याच वळणाने गेली! मग तो आणि बॉबी हल मुद्दाम पाती भिजवून, दाराच्या फटीत अडकवून वाकवू लागले. गोलकीपरांची दैना उडाली. त्या काळी बहुतेक गोलकीपर उघड्या तोंडानेच उभे राहत. माँट्रियलच्या जॅक प्लांटने १ नोव्हेंबर १९५९ ला नाक फुटल्यावर सामन्यात मुखवटा चढवला तेही लोकांना नवल वाटलं होतं. शेवटी लीगला पात्याच्या वाकावर बंधन घालावं लागलं. १९७० साली अर्धा इंच, आणि २००६ पासून पाऊण इंच. एक काठी अपघाताने वाकते काय, आणि नियमांचं पुस्तक बदलतं काय!

पण हे सगळं होईपर्यंत काठी गरिबाश्रीमंताची होती तशीच होती. वेन ग्रेट्झ्कीने १९८१-८२ च्या हंगामात ९२ गोल केले ते लाकडी काठीने. गल्लीतलं पोरसुद्धा बापाकडून तसलीच काठी मागू शकत होतं. पुढे त्याने अ‍ॅल्युमिनियमचा दांडा वापरला. खरी फारकत झाली ती २००० च्या आसपास. तेव्हा दांडा आणि पातं एकसंध असलेली कार्बन फायबरची काठी बाजारात आली, काही वर्षांतच मोठ्या लीगमधलं लाकूड जवळजवळ संपलं आणि किमती आकाशाला भिडल्या. गंमत अशी की मिकमॉ कारागिराची काठीही एकसंधच होती. दीडशे वर्षांनी पुन्हा तिथेच आलो, फक्त झाडाच्या जागी कारखाना.

मग ही महाग काठी खरंच चकती जोरात मारते का? इथे मला दोन गोष्टी सापडल्या आणि मी त्या वहीत लाल शाईने लिहिल्या. पहिली अशी. लीगच्या जोरकस फटक्याच्या स्पर्धेत अल आयाफ्रेटीने १९९३ साली ताशी १०५.२ मैल वेग गाठला. तेव्हा या एकसंध काठ्या जन्मल्याही नव्हत्या. तो विक्रम मोडायला २००९ उजाडलं. झ्देनो चाराने १०५.४ मैल मारला. सोळा वर्षांत, एवढं सगळं शास्त्र वापरून, पाव मैलसुद्धा नाही! चाराने पुढे २०१२ मध्ये १०८.८ गाठला हे खरं, पण तो पावणेसात फूट उंच आहे हेही खरं. आणि अल मॅकिनिसने ही स्पर्धा सात वेळा जिंकली. शेवटची २००३ मध्ये, आजूबाजूचे सगळे कार्बनकडे वळत असताना, लाकडी काठीनेच.

दुसरी गोष्ट माँट्रियलच्या मॅकगिल विद्यापीठाची. २००३ साली तिथल्या संशोधकांनी वीस पुरुष आणि वीस स्त्रिया घेतल्या, निम्मे कसलेले आणि निम्मे नवखे, आणि वेगवेगळ्या बनावटीच्या तीन काठ्यांनी त्यांना फटके मारायला लावले. निष्कर्ष असा की चकतीचा वेग ठरतो खेळणाऱ्याच्या कसबावर आणि ताकदीवर, काठीच्या बनावटीवर नाही.

एवढं हाती आल्यावर मला वाटलं, झालं, पोराचे नखरे आहेत. नातवाला पाठ सुनवायचीच तेवढी बाकी होती. पण परीक्षा कबूल केली होती ना, ती घेतली.

रिंकवर बाकड्यावर बसायचं म्हणजे शाल, कानटोपी, पायाखाली वर्तमानपत्र आणि थर्मासमध्ये आल्याचा चहा. वहीत रकाने आखले. पास आला, अडवला, निसटला, फटका मारला, गोलच्या दिशेने गेला, बाहेर गेला. तीन मॅच झाल्या आणि वही नातवाच्या बाजूने बोलू लागली. जवळचे फटके पूर्वीसारखेच, पण लांबचे अगदी मलूल. आलेल्या पासांपैकी जवळजवळ निम्मे पात्यावरून उडून जात होते. म्हणजे काठी खरोखरच वाईट? मग मॅकगिलवाल्यांचं काय?

उत्तर दिलं रिंकवर स्केटना धार लावणाऱ्या एका वृद्ध गृहस्थांनी. मी रोज वही घेऊन बसते हे त्यांनी पाहिलं होतं. त्यांनी स्टिक हातात घेतली, खालचं टोक जमिनीला टेकवलं, मधोमध जोर देऊन वाकवून पाहिली आणि मान हलवली. दांड्यावर एक आकडा छापलेला असतो, ८५. मी तो मॉडेलचा नंबर समजत होते. तो लवचीकपणाचा आकडा निघाला. दांडा एक इंच वाकवायला किती पौंड जोर लागतो, तो. फटका मारताना पातं आधी चकतीच्या किंचित मागे बर्फावर आपटतं, दांडा धनुष्यासारखा वाकतो आणि सुटताना चकतीला फेकतो. वाकलाच नाही तर फेकणार काय? ठोकताळा असा की खेळाडूच्या वजनाचे जितके पौंड, त्याच्या निम्मा आकडा घ्यावा. नातू शेचाळीस किलोचा, म्हणजे सुमारे शंभर पौंड. त्याला हवी पन्नासची. चिरंजीवांनी आणली होती मोठ्या माणसाची पंच्याऐंशीची, आणि वर चार इंच कापल्यामुळे ती आणखी ताठ होऊन शंभराच्या घरात गेली होती. पोराच्या हातात बापाने पहार दिली होती!

घरी येऊन मी हे सांगितलं तेव्हा चिरंजीव बराच वेळ गप्प होते. मग म्हणाले, "मला वाटलं, मोठी घेतली तर दोन वर्षं चालेल." आम्हीही त्यांना चपला अशाच घेतल्या होत्या की... वाढत्या अंगाच्या. मी काय बोलणार?

ती परत केली नाही, कापलेली कोण घेणार? पुन्हा साठ डॉलर घातले आणि पंचावन्न आकड्याची आणली, न कापता बसणारी. मग पुढच्या चार मॅच. पास निसटणं जवळजवळ थांबलं. लांबचे फटके पोचू लागले. एक गोलही झाला. तेव्हा मी इतकी ओरडले की वही खाली पडली.

तरी मास्तरीण आहे, पूर्ण गुण देणार नाही. स्वयंपाकघरातल्या वजनकाट्यावर मोडलेली महाग स्टिक टेपासकट ३९० ग्रॅम भरली आणि ही ५२० ग्रॅम. ते जास्तीचं वजन बरंचसं पात्याकडे असल्यामुळे झटक्यात हात फिरवायला वेळ लागतो. नातू म्हणतो की महाग काठीत चकती पात्याला टेकली की हाताला कळते, हिच्यात अंदाजाने ओळखावी लागते. हे वहीत मोजता येत नाही, पण मी ते मान्य केलं. सहाव्या आठवड्यात पात्याचं टोक झिजून फुटायला लागलं आणि दांडा किंचित मऊ पडला. पण मोडली मात्र नाही. हलकेपणासाठी कार्बनच्या भिंती पातळ करत नेल्या की एखादा आडवा घाव बसल्यावर आत न दिसणारी चीर पडते आणि पुढे कधीतरी एकदम तुकडे होतात. लाकूड आधी कुरकुरतं, चिरफळ्या दाखवतं, मग मोडतं, असं ते धारवाले आजोबा म्हणाले. त्यांच्या घरी अजून तीन लाकडी काठ्या आहेत म्हणे.

परवा फोनवर सूनबाई सांगत होत्या, ती साठवाली आता घरापुढच्या रस्त्यावर खेळायला ठेवली आहे, पातं घासून अर्धं राहिलंय. आणि साडेतीनशे डॉलरचे ते दोन तुकडे परसात टोमॅटोच्या रोपांना आधाराला लावलेत. टोमॅटो यंदा बरे धरलेत म्हणाल्या.