आधी नखावर, मग दातावर

मुलांच्या दातांचं काम करणाऱ्या आम्हा डॉक्टरांच्या कानावर एक वाक्य हमखास पडतं. बाहेर बाकावर बसलेली आजी नातवाला दटावते, "गप्प बस, नाहीतर डॉक्टरकाकू सुई टोचतील हं!" त्या आजीचा मला राग येत नाही. तिच्या लहानपणी दातांचा डॉक्टर म्हणजे दुखणं, हे खरंच होतं.

परदेशातही काही वेगळं नव्हतं. न्यूझीलंडने १९२१ साली शाळकरी मुलांच्या दातांसाठी सरकारी सेवा सुरू केली. तरुण मुलींना दोन वर्षं शिकवून डेंटल नर्स म्हणून शाळाशाळांत नेमलं. या योजनेबद्दल मला मनापासून आदर आहे. पण ड्रिल पायाने चालवायचं, त्याची थरथर मुलाच्या डोक्यापर्यंत पोचायची आणि भूल बहुतेकदा नसायचीच. मुलं त्या दवाखान्याला 'मर्डर हाउस' म्हणत. नर्सबाई कापसाच्या मधमाश्या करून मुलांच्या हातात ठेवत. भीती त्यांना कळत होती. अवजार बदलणं त्यांच्या हातात नव्हतं.

ते बदललं १९५७ साली. अमेरिकेत बॉर्डन यांचं हवेवर फिरणारं एअरोटर आलं, मिनिटाला सुमारे ३ लाख फेरे घेणारं. लिग्नोकेनची भूल त्याआधीच रुळली होती. मग १९५९ साली अ‍ॅडलस्टन यांनी मुलांसाठी साधा क्रम मांडला: आधी सांगा, मग दाखवा, मग करा. बालदंतवैद्यकात आजही तोच शिकवतात.

मी पहिल्या दिवशी आरसा मुलाच्याच हातात देते. फिरणारा रबरी कप आधी माझ्या नखावर, मग त्याच्या नखावर टेकवते. गुदगुल्या झाल्या की ते स्वतःच तोंड उघडतं. मग आईच्या मांडीवर बसूनच दात मोजायचे, विसापर्यंत. त्या दिवशी बाकी काही नाही.

पण रात्रभर दाढ ठणकल्यावर आलेल्या मुलासाठी या क्रमाला सवड कुठली? 'दुधाचेच दात, पडणारच आहेत' म्हणून थांबलेले पालक मी फार पाहिलेत. दुधाच्या दाढा दहा-बारा वर्षांपर्यंत तोंडात राहतात, हो!

तेव्हा पहिला दात दिसला की, निदान पहिल्या वाढदिवसापर्यंत, बाळाला एकदा दाखवून आणा. मोठ्या मुलाला आणताना आदल्या रात्री 'दुखणार नाही' असंही म्हणू नका. दुखण्याचा विषय तिथूनच डोक्यात शिरतो. 'काकू तुझे दात मोजणार आहेत', एवढंच सांगा.