श्ट्राउसबेर्ग, बेथेल हेन्री

(२० नोव्हेंबर १८२३–३१ मे १८८४). लोहमार्गांच्या बांधकामाचा जर्मन मक्तेदार व कारखानदार. समकालीन जर्मनी त्यास ‘लोहमार्गांचा राजा’ म्हणून ओळखत असे. पूर्व प्रशियातील नायडेनबुर्क (सध्या पोलंडमधील निड्झित्सा) येथे एका ज्यू कुटुंबात त्याचा जन्म झाला. मूळ नाव बारुख हिर्श. लहानपणीच पोरका झाल्यावर तो लंडनला आप्तांकडे गेला. तेथे त्याने ख्रिस्ती धर्म स्वीकारला, विवाह केला आणि पत्रकारिता व विमा या व्यवसायांत अनुभव मिळवून १८५५ च्या सुमारास तो बर्लिनला परतला.

इंग्रज भांडवलदारांशी असलेल्या परिचयामुळे प्रथम टिल्झिट–इन्स्टरबुर्क व नंतर पूर्व प्रशियन दक्षिण लोहमार्ग या कामांत त्याने त्यांचा मुखत्यार म्हणून भाग घेतला. पूर्व प्रशियासारख्या दरिद्री प्रांतात भांडवल गोळा होणे दुष्कर आहे, परंतु आपल्या गावावरून गाडी जावी ही जमीनदारांची आकांक्षा मात्र प्रबळ आहे, हे त्याने तेथेच ओळखले. आणि या दोहोंमधील अंतर भरून काढण्यासाठी त्याने जी पद्धत सिद्ध केली, तीमुळेच त्याचे नाव आर्थिक इतिहासात राहिले.

या पद्धतीचे स्वरूप पुढीलप्रमाणे होते. मार्गालगतच्या सरदार-जमीनदारांची एक समिती सरकारकडून सनद मिळवी व कंपनी स्थापन करी. नंतर जमीनखरेदीपासून रूळ, पूल, स्थानके, इंजिने व डबे यांपर्यंतचे समग्र काम एकाच ठोक रकमेने श्ट्राउसबेर्गकडे सोपविले जाई आणि त्याचा मोबदला मुख्यतः कंपनीच्याच भागांच्या रूपाने, दर्शनी किमतीस दिला जाई. बाजारात हे भाग दर्शनी किमतीहून कमी भावाने विकले जात; म्हणून ती तूट भरून निघेल अशा बेताने करारातील रक्कमच मुळात फुगवून धरलेली असे. श्ट्राउसबेर्ग हेच भाग लोखंडवाल्यांना व पोटमक्तेदारांना देण्यापोटी देई. मुंबई इलाख्यातील ग्रेट इंडियन पेनिन्शुला रेल्वेच्या भागधारकांना ५ टक्के व्याजाची हमी सरकारने दिलेली होती. श्ट्राउसबेर्गच्या बहुतेक प्रशियन मार्गांना तसा आधार नसल्याने मक्तेदाराची पत हेच त्यांचे खरे तारण होते. येथेच या व्यवस्थेचा गंभीर दोष होता: ज्या संचालकांनी कामावर देखरेख ठेवावयाची, ते स्वतःच मक्तेदाराच्या मर्जीवर अवलंबून असत आणि एका मार्गाची निकड भागविण्यासाठी दुसऱ्या मार्गाचा मक्ता घेणे त्यास भाग पडे. तथापि ही केवळ लबाडी होती असे म्हणणे अन्यायाचे होईल. बर्लिन–ग्योर्लिट्स, हाले–झोराऊ–गूबेन, मार्क–पोझेन, ओडर नदीच्या उजव्या तीराचा मार्ग, हानोव्हर–आल्टेनबेकेन असे जे मार्ग या पद्धतीने हाती घेतले गेले, त्यांतील बहुतेक मार्गांना रोख भांडवलाची वाट पाहत बसल्यास कित्येक वर्षे विलंब लागला असता.

कच्च्या मालापासून इंजिनापर्यंत सर्व काही आपल्याच मालकीचे असावे, या हेतूने त्याने बोहेमियातील झ्बिरोची जहागीर, डॉर्टमुंड येथील पोलादाची भट्टी आणि हानोव्हरनजीक लिंडेन येथील एगेस्टॉर्फ यंत्रकारखाना (पुढे ‘हानोमाग’ नावाने प्रसिद्ध) विकत घेतला. ‘दी पोस्ट’ हे दैनिक त्याचेच होते. उत्तर जर्मन संघाच्या विधिमंडळात तो सभासदही होता. बर्लिनमधील त्याचा विल्हेल्मश्ट्रासेवरील प्रासाद, ग्योर्लिट्स मार्गाचे स्थानक व गुरांचा बाजार ही तिन्ही कामे आउगुस्ट ओर्ट या वास्तुशिल्पज्ञाची होत. तो प्रासाद पुढे ब्रिटिश वकिलातीकडे गेला.

त्याच्या ऱ्हासाचे मूळ रुमानियात होते. होहेनझोलर्न घराण्यातील कारोल हा तेथील राजा (त्या वेळी प्रिन्स) झाल्यानंतर, १८६८ मध्ये उयेस्ट व राटिबोर येथील ड्यूक आणि काउंट लेन्डॉर्फ यांच्या भागीदारीत श्ट्राउसबेर्गने सुमारे ९०० किलोमीटर मार्गांचा मक्ता मिळविला. दर किलोमीटरमागे २,७०,००० फ्रँक खर्च गृहीत धरून त्यावर ७.५ टक्के व्याजाचे रोखे जर्मनीत विकण्यात आले आणि ते लहान बचतदारांनीही घेतले. परंतु काम रेंगाळले, १८७० च्या फ्रान्सशी झालेल्या युद्धाने रोख्यांचा बाजार बसला, आणि जानेवारी १८७१ मध्ये व्याजाचा हप्ता चुकला. बुखारेस्टमध्ये जर्मनांविरुद्ध प्रक्षोभ उसळून खुद्द कारोल सिंहासनत्यागाच्या विचारापर्यंत आला. बिस्मार्कच्या आग्रहावरून ब्लाइखरोडर ही पेढी व डिस्कॉन्टो-गेझेलशाफ्ट ही बँक यांनी हे प्रकरण हाती घेतले. रुमानियाने हे मार्ग खरेदी करण्याचे मान्य केल्यानंतरच, १८८० मध्ये, जर्मनीने त्या देशाच्या स्वातंत्र्यास मान्यता दिली.

उमराव भागीदारांची सुटका झाली. दोषाचे माप मात्र श्ट्राउसबेर्गच्या पदरात पडले. १८७३ मध्ये एडुआर्ड लास्कर या सभासदाने प्रशियन विधिमंडळात सनदांच्या व्यवहारावर जो प्रखर हल्ला केला, त्याचा मुख्य रोख सरकारी अधिकारी व उमराव यांवर होता. परंतु त्याच वर्षी बाजार कोसळल्यावर ओटो ग्लागाऊसारख्या लेखकांनी लोकांचा संताप ज्यूंकडे वळविला आणि तेव्हा या बाटलेल्या मक्तेदाराचे नाव उदाहरणादाखल वारंवार घेतले गेले. ही त्या काळाची अत्यंत लाजिरवाणी गोष्ट होय.

मॉस्कोच्या वाणिज्य कर्ज बँकेकडून घेतलेल्या मोठ्या कर्जांच्या संदर्भात १८७५ मध्ये त्याला रशियात अटक झाली. त्याच सुमारास त्याचे दिवाळे निघून मालमत्तेवर जप्ती आली. १८७६ च्या खटल्यात त्यास हद्दपारीची शिक्षा झाली व १८७७ मध्ये तो बर्लिनला परतला. कारावासात असताना त्याने ‘डॉ. श्ट्राउसबेर्ग उंड झाइन विर्केन’ हे आत्मसमर्थनपर पुस्तक लिहिले (१८७६). त्यातील हिशेब पारखून घेतले पाहिजेत. तरीही मक्त्याची रक्कम कशी ठरे व भाग कसे खपविले जात, याचे कर्त्याच्याच लेखणीतून उतरलेले इतके तपशीलवार वर्णन दुर्मिळ आहे. परतल्यावर त्याने नव्या योजना मांडल्या, परंतु भांडवल मिळाले नाही, व निर्धन अवस्थेत तो बर्लिन येथे मरण पावला. त्याने बांधलेले बहुतेक प्रशियन मार्ग १८८० च्या दशकात सरकारने आपल्या मालकीचे केले.