इंग्रजी क्रियापदाची शिस्त
इंग्रजी वाक्यात तृतीयपुरुषी एकवचनी कर्त्यामागून क्रियापदास जो सकारान्त प्रत्यय लागतो, तो मूळचा लंडनचा नव्हे. इंग्लंडच्या उत्तरेकडील बोलींतून तो हळूहळू दक्षिणेस उतरला, आणि 1611 सालच्या बायबलाच्या भाषांतरकारांनी 'हॅथ' हाच जुना थाट राखला असला, तरी बोलण्यात तोवर 'हॅज'चा अंमल बसू लागला होता.

त्याहून उद्बोधक हकीकत 'यू'ची आहे. 'दाउ' हे एकवचनी सर्वनाम शिष्टाचाराच्या ओघात मागे पडून अनेकवचनी 'यू' एका व्यक्तीसही लागू झाले, तेव्हा अठराव्या शतकातील कित्येक सुशिक्षित एकास उद्देशून 'यू वॉज' आणि अनेकांस 'यू वेअर' असे निःशंकपणे म्हणत. हा भेद मला सर्वथा सयुक्तिक वाटतो. परंतु पुढे लंडनचा बिशप झालेल्या रॉबर्ट लौथने 1762 च्या आपल्या व्याकरणात 'यू वॉज' हा उघड प्रमाद ठरविला, आणि यॉर्कच्या मुलींच्या शाळेकरिता लिंडली मरेने 1795 साली रचलेल्या, लौथच्या ग्रंथावर बराच भार टाकणाऱ्या व्याकरणाने अशा निवाड्यांना शाळाशाळांतून कायद्याचे बळ दिले. एका सोयीच्या, अर्थवाही भेदावर पोथीचा हुकूम चालावा याची हळहळ वाटते. लंडनच्या श्रमिकांच्या बोलीत मात्र ते रूप अद्याप नांदते आहे.