खेळ पंचेंद्रियांचे, साहित्य घरातलेच

नाशिक जिल्ह्याच्या बागलाण तालुक्यात, मोसम नदीकाठी वसलेले नामपूर हे कसमादे पट्ट्यातील कांद्याच्या बाजारपेठेसाठी ओळखले जाते. अशा गावात वाढणाऱ्या दीड-दोन वर्षांच्या मुलाच्या हाताला दिवसभरात किती वस्तू लागतात, याची नोंद केली तर यादी बरीच लांबेल. कांद्याची कोरडी साल, बाजरीचे खरखरीत कणीस, डाळिंबाची टणक पाठ, अंगणातली ओली माती, गोधडीची ऊब अशा कितीतरी गोष्टी त्याच्या सहज हाताशी असतात. शहरातील सदनिकेत वाढणाऱ्या मुलाच्या वाट्याला मात्र बहुतेक वेळा गुळगुळीत फरशी, प्लास्टिकची खेळणी आणि मोबाइलची काच एवढेच येते.

अर्थात मोबाइल आता गावातही घरोघरी पोहोचला आहे. शेतीच्या हंगामात घरातील सर्वच माणसे कामात गुंतलेली असताना रडणाऱ्या मुलाच्या हाती तो देणे सोपे वाटते. त्यामुळे हा प्रश्न केवळ गाव आणि शहर यांतील फरकाचा नाही. मुलाच्या हाताला, कानाला आणि नाकाला रोज काही नवे मिळते का आणि त्या वेळी त्याच्याजवळ बसून बोलणारे कोणी असते का, हा खरा प्रश्न आहे.

खेळातून काय घडते?

मूल पाहून, स्पर्श करून, चाखून, हुंगून आणि ऐकून जग ओळखते. यात आणखी दोन जाणिवांची भर घालावी लागते. एक म्हणजे तोलाची जाणीव आणि दुसरी म्हणजे आपले हात-पाय कोठे आहेत, त्यांना किती जोर लावायचा याची जाणीव. या सर्व जाणिवांना खाद्य देणाऱ्या खेळांना हल्ली ‘सेन्सरी प्ले’ असे नाव मिळाले आहे आणि त्यासाठीचे महागडे संच बाजारात विकले जातात. वस्तुतः नाव नवे असले, तरी खेळ जुनेच आहेत.

वयाच्या सहाव्या वर्षापूर्वीच मेंदूचा ८५ टक्क्यांहून अधिक विकास झालेला असतो, असे राष्ट्रीय शैक्षणिक धोरण २०२० मध्ये नमूद आहे. परंतु अंगणवाडीतील पूर्वप्राथमिक शिक्षण तिसऱ्या वर्षी सुरू होते. त्याआधीचा काळ जवळजवळ पूर्णपणे घराच्या हाती असतो. म्हणूनच या वयातील खेळ हा वेळ घालवण्याचा प्रकार समजू नये.

कोसबाडचा धडा

महागड्या साधनांवाचून बालशिक्षण होऊ शकते, हे महाराष्ट्राने फार पूर्वी पाहिले आहे. मारिया मॉन्टेसरी यांनी १९०७ मध्ये रोममध्ये पहिले बालगृह सुरू केले आणि ज्ञानेंद्रियांच्या शिक्षणासाठी खास साधने तयार केली. ताराबाई मोडक यांनी या विचारांना भारतीय रूप दिले. १९४५ मध्ये बोर्डी येथे त्यांनी ग्राम बाल शिक्षा केंद्र सुरू केले. अनुताई वाघ त्यांच्या सहकारी झाल्या आणि पुढे हे काम कोसबाडच्या टेकडीवर गेले. आदिवासी पाड्यांवरील मुले बालवाडीत येत नाहीत, असे दिसल्यावर बालवाडीच त्यांच्या अंगणात नेण्यात आली. अंगणवाडी ही कल्पना अशी रुजली. तेथे मॉन्टेसरींच्या महाग साधनांची जागा खडे, बिया, पाने, शिंपले आणि माती यांनी घेतली. केंद्र सरकारची एकात्मिक बालविकास सेवा योजना २ ऑक्टोबर १९७५ रोजी सुरू झाली आणि तिच्या केंद्रांनाही अंगणवाडी हेच नाव मिळाले.

घरगुती खेळाचा परिणाम किती दूरवर जातो, हे जमैकातील एका अभ्यासातून दिसले. तेथे वाढ खुंटलेल्या ९ ते २४ महिने वयाच्या १२९ बालकांची निवड करण्यात आली होती. त्यांपैकी काहींच्या घरी आरोग्यसेविका दोन वर्षे दर आठवड्याला जात आणि घरी बनवलेल्या खेळण्यांच्या मदतीने मुलांशी कसे खेळावे, हे आईला दाखवत. वीस वर्षांनी पाहणी केली तेव्हा या गटाची कमाई खेळाचा लाभ न मिळालेल्या तशाच मुलांपेक्षा २५ टक्के अधिक आढळली. हे निष्कर्ष २०१४ मध्ये प्रसिद्ध झाले. खेळणी साधीच होती. त्यांच्यासोबत आईचे बोलणे आणि खेळणे होते, हे महत्त्वाचे.

महाराष्ट्रातही सेवाग्रामच्या महात्मा गांधी आयुर्विज्ञान संस्थेच्या सहभागातून उभ्या राहिलेल्या ‘आरंभ’ या उपक्रमात अंगणवाडीतील पालक मेळाव्यांतून असेच घरगुती खेळ पालकांना दाखवले जातात.

घरी करता येतील असे खेळ

पुढील खेळ साधारणतः एक ते तीन वर्षांच्या मुलांसाठी आहेत. एका वेळी एकच खेळ घ्यावा. दहा-पंधरा मिनिटे पुरेशी होतात.

पाण्याची परात : परातीत दोन बोटे पाणी घ्यावे. वाटी, पळी, चहाची गाळणी आणि स्पंजचा तुकडा द्यावा. मूल पाणी ओतते, सांडते, पिळते. त्यातून मनगट आणि बोटे सुधारतात आणि कमी-अधिक याची कल्पना येते. थंडीत पाणी कोमट असावे. खाली जुना टॉवेल अंथरावा, म्हणजे फरशी निसरडी होणार नाही.

कणकेचा गोळा : पोळ्यांसाठी मळलेल्या कणकेतील लिंबाएवढा गोळा द्यावा. थापणे, चिमटे काढणे, लाटणे फिरवणे हे सारे मूल आपोआप करते. एका गोळ्यात हळद, दुसऱ्यात बिटाचा रस घातला की रंगही आले. बाहेर खेळासाठी भरपूर मीठ घालून पीठ बनवण्याची पद्धत आहे, ती या वयात टाळावी. मुले पीठ खातात आणि जास्त मीठ त्यांना घातक ठरू शकते. गव्हाची ॲलर्जी असल्यास तांदळाची उकड वापरावी.

कांदे-बटाट्यांची निवड : एका टोपलीत मोठे कांदे आणि बटाटे एकत्र करावेत आणि दोन टोपल्यांत वेगळे करायला सांगावेत. कांद्याची साल कुरकुरते, बटाट्याला माती लागलेली असते, दोघांचा वास निराळा असतो. वर्गीकरणाचा हा पहिला धडा आहे. नंतर कापडी पिशवीत दोन बटाटे घालून ती स्वयंपाकघरातून बाहेरच्या खोलीत न्यायला सांगावे. वजन उचलण्याच्या अशा कामातून अंगाची जाण वाढते.

कापडांची टोपली : जुनी सुती साडी, रेशमी काठ, गोणपाट, टॉवेल, लोकर यांचे तळहातापेक्षा मोठे तुकडे टोपलीत ठेवावेत. मऊ, खरखरीत, जाड, पातळ हे शब्द येथे सहज येतात.

वासाच्या पुरचुंड्या : भाजलेले जिरे, वेलदोडा, लिंबाची साल, कोथिंबीर पातळ कापडात घट्ट बांधून एकेक हुंगायला द्यावे. तिखट, मिरी आणि कोणतीही पूड या खेळात नको.

आवाजाच्या बाटल्या : तीन लहान प्लास्टिकच्या बाटल्यांत अनुक्रमे बाजरी, हरभरे आणि कापूस भरून झाकणे पक्की चिकटवावीत. मोठा आवाज, बारीक आवाज आणि आवाजच नाही, हा फरक मुलाला फार गमतीचा वाटतो. ताट, पातेले आणि लाकडी चमचा ही वाद्ये तर प्रत्येक घरात असतातच.

उशांचा डोंगर : गादीवर उशा आणि लोड रचून त्यावरून रांगायला, चढायला, उतरायला द्यावे. सकाळी गवतावर, मातीवर अनवाणी चालू द्यावे. तोल सांभाळणे मूल यातूनच शिकते.

सावल्यांचा खेळ : रात्री दिवा मालवून भिंतीवर टॉर्चचा झोत टाकावा आणि हाताच्या सावल्या दाखवाव्यात. झोत मुलाच्या डोळ्यांवर पडू देऊ नये.

मोठ्यांनी काय करावे?

मोठ्यांनी शेजारी बसावे आणि मूल जे करत आहे त्याला शब्द द्यावेत. ‘गार लागलं का?’, ‘कसा वास आला?’ असे विचारून थोडे थांबावे. उत्तर शब्दात नसेल, तर नजरेत असते. घरात अहिराणी बोलली जात असेल, तर अहिराणीतच बोलावे. जी भाषा आजी-आजोबांच्या तोंडी सहज आहे, तीच मुलाच्या शब्दसंग्रहाला अधिक पोसते.

वस्तू ‘अशी धर, तशी ठेव’ असे सतत सांगू नये. एखाद्या मुलाला चिकट किंवा ओला स्पर्श आवडत नाही. त्याचा हात धरून बळेच बुडवण्याऐवजी आधी चमचा द्यावा, आपण खेळून दाखवावे आणि त्याच्या गतीने पुढे जावे.

मोबाइलबाबत भारतीय बालरोगतज्ज्ञ संघटनेने २०२१ मध्ये मार्गदर्शक सूचना दिल्या आहेत. त्यांनुसार नातेवाइकांशी अधूनमधून व्हिडिओवर बोलण्याचा अपवाद वगळता दोन वर्षांखालील मुलांना पडदा दाखवू नये आणि दोन ते पाच वर्षांपर्यंत तो दिवसाला एक तासापेक्षा अधिक नसावा.

खबरदारी सर्वांत आधी

या वयात प्रत्येक वस्तू तोंडात जाते. त्यामुळे शेंगदाणे, हरभरे, वाटाणे, चिंचोके, मणी आणि गोट्या तीन वर्षांखालील मुलाच्या हाती मोकळ्या देऊ नयेत. शेंगदाणा श्वासनलिकेत अडकून जिवावर बेतू शकते. कोसबाडच्या बिया-खड्यांचे खेळ बालवाडीच्या वयातील मुलांचे होते, हे ध्यानात ठेवावे. बटनासारख्या बॅटऱ्या आणि फुगे दूर ठेवावेत.

पाण्याजवळ मुलाला क्षणभरही एकटे सोडू नये. काही सेंटिमीटर पाण्यातही लहान मूल बुडू शकते. खेळ संपताच परात आणि बादली रिकामी करावी. रांगोळीची पूड आणि टाल्कम पावडर खेळात वापरू नये. ती श्वासावाटे फुप्फुसात जाते. शेतकरी कुटुंबांनी आणखी एक काळजी घ्यावी. कीटकनाशकाचे रिकामे डबे आणि बाटल्या कितीही धुतल्या, तरी खेळण्यासाठी देऊ नयेत आणि नुकतीच फवारणी झालेल्या बागेत मुलाला नेऊ नये.

घशात काही अडकले आणि मुलाला खोकता, रडता किंवा श्वास घेता येत नसेल, तर त्याला पुढे झुकवून दोन खांद्यांच्या मधोमध तळहाताच्या टाचेने पाच थापा द्याव्यात. एक वर्षाखालील बाळाला हातावर पालथे धरून, डोके खाली ठेवून थापा द्याव्यात. उपयोग न झाल्यास बाळाच्या छातीच्या मध्यावर पाच दाब द्यावेत. एक वर्षावरील मुलाला मागून धरून बेंबीच्या वर, आत आणि वरच्या दिशेने पाच दाब द्यावेत. वस्तू निघेपर्यंत थापा आणि दाब आलटून पालटून चालू ठेवावेत. वस्तू दिसत नसताना तोंडात बोट घालू नये, ती अधिक आत जाऊ शकते. दुसऱ्या व्यक्तीला लगेच १०८ क्रमांकावर रुग्णवाहिका बोलवायला सांगावे.

डॉक्टरांना केव्हा दाखवावे?

एक वर्षाचे मूल नावाने हाक मारल्यावर वळून पाहत नसेल, दीड वर्षापर्यंत एकही अर्थपूर्ण शब्द बोलत नसेल, साध्या आवाजाने किंवा स्पर्शाने नेहमीच अतिशय अस्वस्थ होत असेल किंवा आधी येत असलेली गोष्ट करेनासे झाले असेल, तर ‘मोठेपणी सुधारेल’ म्हणून थांबू नये. बालरोगतज्ज्ञांचा सल्ला घ्यावा. २०१३ मध्ये सुरू झालेल्या राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमांतर्गत अशी तपासणी विनामूल्य होते. त्याची चौकशी जवळच्या अंगणवाडीत किंवा प्राथमिक आरोग्य केंद्रात करता येते.

नोकरी करणाऱ्या किंवा शेतात राबणाऱ्या आई-वडिलांना तासभर काढणे कठीण असते. परंतु संध्याकाळी कणीक मळताना एक गोळा बाजूला काढणे, भाजी निवडताना मुलाला जवळ बसवणे आणि आंघोळीच्या वेळी एक वाटी त्याच्या हाती देणे, एवढे प्रत्येक घराला शक्य आहे. त्या वेळी मोबाइल मात्र आई-वडिलांच्याही हातात नसावा.