मराकेशच्या बागा आणि चौकातील खाणे

प्रथम एक कबुली देते. 2018 सालच्या हळदीकुंकवाला मी आपल्या मंडळात मोरोक्को देशावर अर्धा तास बोलले होते. एका जुन्या पुस्तकाच्या आधाराने मी तीन गोष्टी ठासून सांगितल्या. मराकेश हे शहर यूसुफ बिन ताशफीन याने 1062 साली वाळवंटात वसविले, तेथील बागा म्हणजे केवळ सुलतानांची विलासस्थाने, आणि त्या शहराच्या घडणीत बायकांचा काही वाटा दिसत नाही. भगिनींनी टाळ्याही वाजविल्या. पुढच्याच वर्षी मार्च महिन्यात माझ्या वन्सं व मी, अशा दोघी, प्रत्यक्ष मराकेशला जाऊन आलो, आणि परतल्यावर मी पुन्हा वाचावयास बसले. तिन्ही विधाने चुकीची होती. बोललेले विरून जाते हे खरे, पण टाळ्या मात्र मला अजून ऐकू येतात. म्हणून चिटणीसबाईंनी स्मरणिकेसाठी लेख मागताच हाच विषय घेतला.

मोरोक्को आपल्याला अगदीच परका नाही. त्या देशातील तान्जिया गावचा इब्न बतूता 1325 साली घराबाहेर पडला तो फिरत फिरत दिल्लीला आला, आणि 1342 च्या सुमारास आपल्या दौलताबादेसही येऊन गेला. मराठे लोक भात, भाज्या व तिळाचे तेल खातात असे त्याने टिपून ठेवले आहे. येथील बायकांच्या नाकांची आणि भुवयांची त्याने तारीफ केली आहे, हे वाचून वन्संनी आरशात पाहिले होते! मायदेशी परतल्यावर तो मराकेशलाही गेला. शहर सुंदर, पण बरेचसे पडीक झालेले, असे त्याला दिसले, आणि त्याने त्याची तुलना बगदादशी केली. त्याने आपले जेवण पाहिले तसे आपणही त्याच्या देशाचे पाहावे, एवढीच आमची हौस होती.

आता शहराच्या जन्माविषयी. 1062 साल व यूसुफचे नाव एका जुन्या बखरीतून आलेले आहे. आज बहुतेक इतिहासकार 1070 साल मानतात आणि स्थापनेचा मान यूसुफचा चुलतभाऊ अबू बक्र याला देतात. त्या आधी राजधानी डोंगराच्या पायथ्याशी अघमात येथे होती. तेथे दाटी झाली म्हणून खाली मैदानात नवी छावणी पडली, तेच मराकेश. अबू बक्रची पत्नी झैनब अन्नफ्झाविया. हिचा आधीचा पती अघमातचा अधिपती होता, तो लढाईत मारला गेला. 1071 साली अबू बक्रला बंड मोडण्यासाठी सहारात जावे लागले. वाळवंटातील हाल तिला सोसावयाचे नाहीत म्हणून त्याने तिला सोडचिठ्ठी दिली व यूसुफशी लग्न कर असे सुचविले, असे बखरकार सांगतात. अबू बक्र परत आला तेव्हा यूसुफला पेच पडला. राज्य परत द्यावे की लढावे? झैनबने सल्ला दिला की, त्याला भरपूर नजराणे घेऊन सामोरे जा, पण घोड्यावरून उतरू नकोस, बरोबरीने बोल. यूसुफने तसे केले. अबू बक्र काय ते समजला, नजराणे घेऊन वाळवंटात परत गेला, आणि भाऊबंदकीचे रक्त सांडले नाही. बखरीत तिला कोणी चेटकीणही म्हटले आहे. शहाण्या बाईला दुसरे नाव सुचले नाही की हे नाव सर्व देशांत तयारच असते.

शहर वाळवंटात आहे हेही खरे नाही. ते हौझच्या मैदानात आहे आणि दक्षिणेला अॅटलास पर्वताची बर्फाळ रांग स्वच्छ दिवशी गच्चीवरून दिसते. पाऊस मात्र वर्षाला 10 इंचांच्या आतबाहेर. मग एवढ्या बागा आल्या कोठून? याचे उत्तर जमिनीखाली आहे. त्याला तेथे खेत्तारा म्हणतात. डोंगराच्या बाजूला जेथे पाणी लागते तेथे एक खोल विहीर खणावयाची, तेथून शहराच्या दिशेने बेताचा उतार देत भुयार काढावयाचे, आणि ठराविक अंतरावर वरून झरोक्यांसारखी विवरे पाडावयाची, म्हणजे माती काढता येते आणि माणसाला खाली उतरून गाळ उपसता येतो. भुयाराच्या तोंडाशी पाणी आपोआप वाहत येते. मोट नको, बैल नको. बाराव्या शतकात, यूसुफचा मुलगा अली याच्या काळात, ही विद्या येथे आली असे अल इद्रीसी लिहितो आणि उबैदुल्ला बिन यूनुस या कारागिराला तिचे श्रेय देतो. हे वाचताना मला नहर-ए-अंबरी आठवली. मलिक अंबरने सतराव्या शतकाच्या आरंभी खडकी गावाला, म्हणजे पुढच्या औरंगाबादेला, याच जातीच्या भुयारी नहरीने पाणी आणले. माझे माहेर त्याच गावचे. लहानपणी ज्या नहरीच्या बंबावर आम्ही चढत होतो, तिच्या नात्यातली ही मंडळी, हे कळायला मला साठी ओलांडावी लागली.

सर्वांत मोठी बाग अगदाल. हिची आखणी 1157 च्या सुमारास अब्दुल मोमिन या सुलतानाच्या वेळी झाली. अगदाल हा शब्द बर्बर लोकांचा आहे. डोंगरातल्या गावांनी ठराविक काळ गुरांना बंद ठेवलेले राखीव कुरण, असा त्याचा मूळ अर्थ. सुलतानाच्या बागेला गुराख्यांचे नाव मिळाले हे मला फार आवडले. बाग सुमारे 3 किलोमीटर लांब आहे. फुलझाडांचे ताटवे शोधीत गेलात तर निराशा होईल. ऑलिव्ह, नारिंगे, डाळिंब, अंजीर, जर्दाळू यांचे चौकोनामागून चौकोन आणि मध्ये तळ्याएवढे हौद! सर्वांत मोठा हौद साधारण 200 मीटर लांब आहे. अब्दुल मोमिन आपल्या तरुण शिष्यांना असल्याच एका हौदात पोहणे व नाव वल्हवणे शिकवी, असे जुने ग्रंथ सांगतात. 1873 साली सुलतान चौथा महंमद हा मोठ्या हौदात नावेतून फिरताना बुडून मरण पावला. आम्ही गेलो तेव्हा राजाचा मुक्काम नव्हता, म्हणून शुक्रवारी लोकांना आत सोडत होते.

म्हणजे ही बाग प्रथम शेत होती, मग आरमाराची शाळा, आणि विलास जमला तर त्यानंतर. फळे विकली जात, तेल निघे, दुष्काळात हौदाचे पाणी कामी येई. माझे दुसरे विधान येथे बुडाले.

दुसरी बाग मेनारा. हीदेखील बाराव्या शतकातली. हौदाकाठी हिरव्या कौलांचा जो सुंदर मंडप चित्रांत दिसतो तो मात्र 1870 च्या सुमाराचा. येथे आम्हाला खरे मराकेश भेटले. ऑलिव्हच्या झाडांखाली सतरंज्या पसरून कुटुंबेच्या कुटुंबे बसलेली, मुले धावत आहेत, कोणी चहाचे भांडे मांडलेले. एका झाडाखाली सातआठ पुरुष मातीच्या एका उंच, दोन कानांच्या सुगडाभोवती बसले होते. एकाने त्याच्या तोंडावर बांधलेला कागद सोडला आणि सुगड परातीत पालथे केले. तो वास आमच्यापर्यंत आला. आम्ही दोघी शाकाहारी, त्यामुळे चवीविषयी मी काही सांगू शकत नाही. कृती मात्र मी विचारून घेतली.

या पदार्थाला तंजिया म्हणतात, भांड्याचेही नाव तेच. मांस, लसूण, जिरे, केशर, खारवलेले लिंबू व जुने मुरलेले तूप एवढे त्यात घालावयाचे आणि तोंड कागदाने बांधावयाचे. पुष्कळदा हे सारे खाटीकच भरून देतो. मग सुगड न्यावयाचे ते हमामखान्याच्या मागल्या बाजूला. तेथे नहाणीचे पाणी तापविणारी भट्टी असते, आणि भट्टीवाला ते गरम राखेत पुरून ठेवतो. पाच, सहा, आठ तास. चुलीपाशी उभे राहणे नाही, ढवळणे नाही. हा कारागिरांचा, सड्या पुरुषांचा पदार्थ. सुटीच्या दिवशी चांभार, कातडी कमावणारे, सुतार वर्गणी काढून तंजिया लावीत आणि बागेत जाऊन खात. या वनभोजनाला तेथे न्झाहा म्हणतात. बागा सुलतानांच्या खऱ्या, पण त्यांच्या सावलीत पिढ्यान् पिढ्या जेवले ते हे लोक.

वन्संनी सगळे ऐकून घेतले व म्हणाल्या, “वहिनी, पुरुषांनी केलेला स्वयंपाक म्हणून एवढे कौतुक चालले आहे. त्याच्याबरोबर खायला भाकरी कोणी केली, ते विचार.”

प्रश्न अगदी वर्मी बसला. तेथील भाकरी म्हणजे खोब्ज, जाडसर, गोल, आंबवलेल्या कणकेची. ती भिजविणे, मळणे, थापणे हे काम घरात बायकांचे. भाजण्यासाठी मात्र ती फळीवर मांडून, वर फडके झाकून, गल्लीतल्या सामायिक भट्टीत पाठवावयाची. या भट्टीला फेर्रान म्हणतात. आमच्या बिऱ्हाडाच्या मालकीणबाईंनी सांगितले की, जुन्या वस्तीत मोहल्ला म्हटला की मशीद, पाण्याचा नळ, हमामखाना आणि फेर्रान ही हवीतच. भट्टीवाला घराघरातली भाकरी ओळखतो. कोणाची पातळ, कोणाची कडेला चिमटलेली, कोणावर काट्याने टोचलेली खूण. त्याच बाई मार्चमध्ये कडू नारिंगाच्या फुलांचा अर्क काढीत होत्या. तांब्याच्या पात्रात फुले व पाणी, वर थंड पाण्याचे झाकण, आणि नळीतून थेंब थेंब उतरणारा अर्क. घरभर वास दरवळत होता. रस्त्यावर जी नारिंगाची झाडे आहेत त्यांची फळे कडू. त्यांना तेथे नारंज म्हणतात. आपला नारंग शब्द फारसी, अरबी असा प्रवास करीत तेथवर पोहोचला आहे.

संध्याकाळी आम्ही जेमा अल फना चौकात गेलो. या नावाचा अर्थ कोणी ‘मृतांचा मेळा’ असा करतात, कोणी ‘उद्ध्वस्त मशीद’ असा. दिवसा तेथे संत्र्याच्या रसाच्या गाड्या, मेंदी काढणाऱ्या बायका, पाणक्ये आणि गोष्टी सांगणारे असतात. ऊन उतरले की हातगाड्यांवरून बाक, तंबू, भांडी येतात आणि तासाभरात शेकडो माणसांची पंगत बसते. रात्री सगळे पुन्हा उचलून नेतात. गोगलगाईंचा काढा, मेंढीची मुंडी, तळलेले मासे, यांच्यापासून आम्ही दूर राहिलो. पण शाकाहारी माणूस उपाशी राहील असे मुळीच नाही. वाळल्या बाकल्याच्या दाण्यांचे दाट, पिठल्यासारखे बिसारा, वर ऑलिव्हचे तेल व जिरेपूड. भाजल्या वांग्याचे झालूक, आपल्या भरताची सख्खी बहीण. एक बाई तव्यावर म्सेमेन करीत होती. तेलाचा हात लावून कणीक कागदासारखी पसरावयाची, चौकोनी घडी घालावयाची आणि भाजावयाची. वन्संनी तिच्याकडे पाहिले, तिने वन्संकडे पाहिले. घडीची पोळी दोघींना येत होती, भाषा एकीलाही येत नव्हती. तिने कणकेचा गोळा पुढे केला आणि वन्संनी बांगड्या मागे सारून एक घडी घातली. त्रिकोणी घातली. ती बाई खूप हसली.

इतिहासाच्या दृष्टीने गंमत अशी की, या चौकातले पुष्कळसे खाणे बागांपेक्षा वयाने लहान आहे. इब्न बतूताला टोमॅटो माहीत नव्हता, बटाटा नव्हता, मिरची नव्हती. उन्हाळ्यात गाड्यांवर सोलून विकतात ती निवडुंगाची बोंडेही अमेरिकेतून आलेली. पुदिन्याचा चहा तर त्या देशाची ओळखच झाला आहे, पण चिनी हिरवा चहा सामान्य माणसाच्या घरात शिरला तो एकोणिसाव्या शतकात.

माजोरेल बागेबद्दल थोडक्यात लिहिते, कारण परदेशी प्रवासी तीच आधी पाहतात. ती जुनी नाही. फ्रेंच चित्रकार जाक माजोरेल याने 1923 साली जमीन घेऊन ती लावली, 1947 साली लोकांना खुली केली, आणि 1980 साली ती ईव्ह सें लोराँ व पिएर बेर्झे यांनी विकत घेतली. निळा रंग डोळ्यांत भरतो. दाटी फार होती, आम्ही लवकर बाहेर पडलो.

जुने शहर, अगदाल व मेनारा यांसह, 1985 साली जागतिक वारशाच्या यादीत गेले. चौकातील कथाकारांच्या परंपरेचा सन्मान 2001 साली झाला, आणि त्यासाठी तेथेच स्थायिक झालेला स्पॅनिश लेखक हुआन गोयतिसोलो बराच झटला होता. खेत्तारांकडे मात्र कोणाचे फारसे लक्ष गेले नाही. खोल विहिरी व पंप आले, पाण्याची पातळी खाली गेली आणि बहुतेक भुयारे कोरडी पडली. शहराबाहेर जाताना गाडीतून मातीच्या गोल ढिगाऱ्यांची रांग दिसते, वारुळांसारखी. तीच ती विवरे. आमचा चालक तरुण होता, त्याला ती कशाची हे सांगता आले नाही. मी त्याला वन्संच्या फ्रेंच पाठ्यपुस्तकातल्या शब्दांनी सांगण्याचा प्रयत्न केला.

8 सप्टेंबर 2023 च्या रात्री त्या भागात मोठा भूकंप झाला. डोंगरातल्या गावांत फार माणसे दगावली, शहरातही जुनी घरे पडली. दुसऱ्या दिवशी मालकीणबाईंचा निरोप येईपर्यंत आम्हा दोघींना चैन नव्हते. घराला तडे गेले होते, माणसे सुखरूप होती. शेवटी त्यांनी एक ओळ वेगळी लिहिली होती : गल्लीतला फेर्रान चालू आहे, तुमच्या वन्संना सांगा.